मी नेहमी हिटच द्यायचो

त्या संध्याकाळी आमच्या घरचं इंटरनेट गेलं नव्हतं. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला काही वर्षं लागली. बायकोला मी वेगळं सांगितलं होतं, क्लबमधल्या लोकांनाही तेच सांगितलं. ज्या एका माणसाला खरं सांगायला हवं होतं, त्याच्याशी तर मी सरळ खोटं बोललो.

मी मूळचा पुण्याचा. झूटरमेर या डच शहरात येऊन पंधराएक वर्षं झाली. आमच्या घरापासून लायडनच्या बाजूला सायकलने वीस मिनिटांवर एक लहानसं गाव आहे. तिथे बेसबॉलचं मैदान होतं. इथे या खेळाला होंकबल म्हणतात. हा देश फुटबॉलचा. बेसबॉलला तसा मान नाही, आणि आमचा संघ तर पार खालच्या गटातला. कुणाला पैसे मिळत नसत. एक इलेक्ट्रिशियन, दोन शिक्षक, एक दाताचा डॉक्टर असे हे खेळाडू. मॅचआधी हेच लोक मैदानावर दाताळं फिरवायचे, आणि मॅच संपली की त्यांच्यातलाच कुणीतरी कॅन्टीनमध्ये कॉफी विकायला उभा राहायचा.

मुलगी आठ वर्षांची असताना तिथल्या बच्चेकंपनीच्या संघात जायला लागली, म्हणून मीही जायला लागलो. बाकावर बसून काय करणार? शाळेत असताना मी क्रिकेटच्या मॅचचं स्कोअरिंग केलेलं. हात शिवशिवत होते. डायरीच्या मागच्या पानावर टिंबं आणि आकडे मांडत बसलो होतो. शेजारच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ वाकून बघत होते. ते क्लबचे स्कोअरर. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, डोक्यावर उन्हाळ्यातही लोकरीची टोपी. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणायचो, तोंडाने 'मेनेर', म्हणजे साहेब. त्यांनी माझी डायरी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे हवामान खात्याचं दिसतंय."

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो.

क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेला कॅच कुठेच दिसत नाही. बॅट्समनला धावा मिळतात, बोलर कपाळावर हात मारून घेतो, वहीत फक्त धावा उरतात. बेसबॉलचं तसं नाही. क्षेत्ररक्षकाच्या पायांतून चेंडू गेला की स्कोअररने ठरवायचं असतं: हे बॅटरचं कर्तृत्व की क्षेत्ररक्षकाची चूक? हिट की एरर? एरर दिला तर कोणाची चूक ते त्याच्या जागेच्या आकड्यासकट लिहायचं. कायमचं.

मला ते जमेना. समोरचा माणूस आपल्या ओळखीचा, मॅच संपल्यावर त्याच्याच हातून कॉफी घ्यायची, आणि आपण त्याच्या नावावर चूक लिहायची? उगाच कशाला कुणाचं वाईट, असं म्हणून मी हिट देऊन टाकायचो. आजोबा खोडरबर पुढे सरकवायचे. एकदा ते जरा चिडलेच. म्हणाले, "तुला वाटतं तू त्याच्यावर दया केलीस. पण ती धाव आता पिचरच्या नावावर लागली. त्याने काय केलं होतं?"

खरंच आहे. एररमुळे आलेली धाव पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरच्या, माथी मारत नाहीत. तुम्ही एररला हिट म्हटलंत की क्षेत्ररक्षक सुटतो आणि पिचर अडकतो. आजोबा तरुणपणी पिचर होते. एका महत्त्वाच्या मॅचमध्ये असंच झालं होतं, तेव्हाचा स्कोअरर क्षेत्ररक्षकाचा मेहुणा होता. खांदा गेल्यावर आजोबांनी स्वतःच पेन्सिल हातात घेतली ती चाळीस वर्षं सोडली नाही.

मी मान डोलावली. आणि पुढच्या रविवारी पुन्हा हिट दिली.

मग कोरोना आला. मैदानाच्या फाटकाला साखळी लागली, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. क्लबचा साठावा वाढदिवस जवळ आला होता. आमचे अध्यक्ष माझ्याच वयाचे, हसतमुख, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारे. त्यांनी मला फोन केला. एवीतेवी खेळ बंद आहे, तर तू क्लबचा इतिहास का लिहीत नाहीस? तुला स्कोअरबुकं वाचता येतात, आणि आजोबांचं तुझ्याशी जमतं.

मला किती आनंद झाला ते सांगायला आज लाज वाटते. इतकी वर्षं या देशात मी कर भरत होतो, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकत होतो, शेजाऱ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो. पण माझ्यावाचून कुणाचं अडलंय असं कधी झालं नव्हतं.

स्कोअरबुकं आजोबांच्या घरी होती. एकटेच राहायचे, मुलगी ब्रेडा शहरात. आत जायची सोय नव्हती, म्हणून मी त्यांच्या खिडकीबाहेर घडीची खुर्ची टाकून बसायचो आणि ते आत. खिडकी चार बोटं उघडी. दोन वह्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते मागे सरकायचे, मग मी पुढे होऊन उचलायच्या. कॉफीचंही तसंच. मी एकदा चकल्या नेल्या. त्यांनी एक चकली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं की ही खायची की समुद्रात परत सोडायची. पुढच्या आठवड्यात रिकामा डबा कट्ट्यावर होता, धुऊन.

असा तो इतिहास गोळा झाला. एका गवळ्याने दिलेली चराईची जमीन. पहिल्या वर्षी मॅचआधी शेण उचलायची पाळी लावलेली. चेंडू अडवायला मागे मासेमारीची जुनी जाळी, तिचा वास दोन हंगाम गेला नाही. बायकांनी शिवलेल्या वाळूच्या पिशव्या, त्याच बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे. एकदाच वरच्या गटात गेले आणि पुढच्याच वर्षी सगळ्या मॅच हरून परत आले. एका हंगामात मोजून नऊ खेळाडू होते, त्यातल्या एकाचा हात प्लास्टरमध्ये. त्याला लांबच्या कोपऱ्यात उभा करायचे आणि चेंडू तिकडे जाऊ नये म्हणून सगळे मनात देवाचं नाव घ्यायचे. आजोबा हे सांगताना वहीतलं पान शोधायचे. आठवणीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पान दाखव," म्हणायचे, "मग बोल."

दुसऱ्या हिवाळ्यात पत्र आलं. शेजारच्या मोठ्या क्लबमध्ये आपण विलीन व्हावं असा कार्यकारिणीचा प्रस्ताव आहे. सभा ऑनलाइन होईल.

विलीन म्हणजे मैदान जाणार हे आजोबांना पत्र वाचताच कळलं. त्या जमिनीवर खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, घरांसाठी कधीपासून डोळा होता. क्लब आहे तोवर त्यांना हात लावता येत नव्हता. तरुण खेळाडूंना नव्या ठिकाणचे दिवे आणि कृत्रिम गवत हवं होतं. विरोधात होते ते बहुतेक जुने सभासद, आणि त्यांच्यातल्या अनेकांना व्हिडिओवर कसं यायचं तेच माहीत नव्हतं. पण क्लबच्या घटनेत एक कलम होतं, ते आजोबांना पाठ होतं. एका जरी सभासदाने सभेत तशी मागणी केली, तरी असा निर्णय सगळे प्रत्यक्ष जमतील तेव्हाच मतदानाने घ्यावा लागतो. म्हणजे लॉकडाऊन उठल्यावर, हॉलमध्ये, म्हाताऱ्यांना येता येईल तेव्हा.

आजोबांनी आपलं आणि आणखी दोन वृद्ध सभासदांचं मुखत्यारपत्र कट्ट्यावर ठेवलं. तिन्हींवर माझं नाव. मी पुढे होऊन तिन्ही कागद उचलले.

"भांडू नकोस," ते म्हणाले. "एकच वाक्य बोल. आम्हाला समोरासमोर मतदान हवं आहे. बस."

ते वाक्य त्यांनी मला डचमध्ये शिकवलं. माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं, उच्चार सुधारला. परत येताना सायकलवर मी ते मोठ्याने म्हणत होतो. कालव्यातली बदकं बाजूला होत होती.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला फिरायला बोलावलं. दोघं कालव्याच्या काठाने, दीड मीटर अंतर राखून. मुखत्यारपत्रांचं त्यांना कळलं होतं, पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी माझ्या इतिहासाचं कौतुक केलं. नवा क्लब तो पुठ्ठा बांधणीत छापणार होता, फोटोंसकट, माझ्या नावाने. नव्या कार्यकारिणीत इतिहासाचं काम बघायला कुणीतरी लागेल, तो तूच. आणि मैदान? मुलांसाठी ते निदान आणखी काही वर्षं राहणार, तसं खेमेंटेशी बोलणं झालंय. फक्त पडद्यावर तमाशा नको. ऑनलाइन एकाने तोंड उघडलं की माणसं एकमेकांना ओरबाडतात, तू पाहिलंच असशील. तू समजूतदार आहेस.

त्यांनी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. आज सांगायला काहीतरी असतं.

सभेच्या दिवशी संध्याकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं. तिन्ही कागद कीबोर्डशेजारी ठेवले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरची पँट. पडद्यावर चौकोनी खिडक्यांतून तीसेक चेहरे. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला, दोघातिघांनी नव्या मैदानाच्या दिव्यांबद्दल विचारलं. मग ते म्हणाले, कुणाचा आक्षेप आहे का, कुणाला वेगळ्या पद्धतीने मतदान हवंय का? नसेल तर एकमताने संमत झालं असं धरतो.

आणि ते थांबले. घाई केली नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला.

माझं बोट माउसवर होतं. माइक चालू करायला एक क्लिक. वाक्य जिभेवर तयार, उच्चारासकट. मला आठवतं ते एवढंच की मी पुठ्ठ्याचा रंग ठरवत होतो. गर्द हिरवा. कुणाच्या तरी घरचं कुत्रं भुंकलं, त्याच्या मालकाने माफी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "कुणी नाही? बरं तर." आणि लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

बाहेर आलो. बायकोने विचारलं, "बोललास ना रे?" तिलाही ते वाक्य आता पाठ झालं होतं.

"नेट गेलं," मी म्हणालो. "ऐन वेळी."

मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होती. आता ती चौदाची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिने एका कानातला इअरफोन काढला, माझ्याकडे बघितलं, राउटरच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं, आणि इअरफोन परत कानात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचा फोन. त्यांनाही तेच सांगितलं. ऐन वेळी गेलं, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं, मी नंतर अध्यक्षांना लिहितो. ते म्हणाले, "हो, असं होतं म्हणतात." आणि खिडकीशी येऊ नकोस, थंडी फार आहे, असंही. मी अध्यक्षांना काही लिहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले आणि उरलेला हंगाम जुन्याच मैदानावर झाला. शेवटच्या मॅचला आजोबा आले, स्वतःची खुर्ची घेऊन. माझ्या शेजारी टाकली, पण मधे जागा ठेवून. आता तेवढ्या अंतराची गरज नव्हती. सातव्या डावात दोघे बाद होते, आमचा इलेक्ट्रिशियन पिचिंग करत होता. साधा सरपटी फटका शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, पायांतून गेला आणि समोरच्यांच्या दोन धावा झाल्या. आम्ही तिथेच हरलो. शॉर्टस्टॉप टोपी तोंडावर ओढून उभा राहिला. साठ वर्षांतली शेवटची मॅच, आणि त्या बिचाऱ्याच्या नावावर हे?

आजोबा मैदानाकडेच बघत होते. "हिट की एरर?" त्यांनी विचारलं.

"हिट," मी म्हणालो. "चेंडूला उसळी होती."

"तू नेहमी हिटच देतोस," ते म्हणाले. मॅच संपायच्या आधीच खुर्ची मिटून गेले.

पानगळ संपायच्या आत पिवळी यंत्रं आली. मुलांसाठीची काही वर्षं, ती काही आठवड्यांत संपली. इतिहासासाठी क्लब बंद करायचे कागद वाचताना मला खेमेंटेबरोबरचा करार दिसला. त्यावरच्या सह्या सभेच्या आधीच्या होत्या. आमच्या कालव्यावरच्या फेरफटक्याच्याही आधीच्या. दीड मीटर अंतरावरून तो माणूस माझ्या डोळ्यांत बघून बोलला होता, आणि तेव्हा सगळं ठरलेलं होतं. पुस्तकाचं विचारलं तर उत्तर आलं की नव्या क्लबला नवी सुरुवात हवी आहे, मागचं उगाळण्यात अर्थ नाही. माझ्या शंभर पानांतला एक परिच्छेद त्यांच्या वेबसाइटवर लागला, शेणाच्या पाळीचा. गमतीदार म्हणून. खाली अध्यक्षांचं नाव.

मी पेटून उठलो होतो. लांबलचक ईमेल लिहिली. फसवणूक, विश्वासघात, सगळे शब्द डिक्शनरीतून काढून. मग लक्षात आलं की ही ईमेल ज्याला पाठवतोय तो पहिल्याच ओळीत विचारेल, "तू तेव्हा बोलला का नाहीस?" ज्याने मला फसवलं, त्याच्यावर ओरडायलाही मी जागा ठेवली नव्हती. आणि हे सगळं ज्याच्यासमोर मन मोकळं करून बोलावं असा एकच माणूस होता. त्याच्याशीही मी हेच केलं होतं, चार बोटं उघड्या खिडकीतून त्याचे कागद उचलून.

आजोबा तोवर मुलीकडे ब्रेडाला राहायला गेले होते. पुढच्या वसंतात मी माझ्याकडे आलेली सगळी स्कोअरबुकं दोन पिशव्यांत भरून ट्रेनने गेलो. त्यांच्या मुलीने दार उघडलं, कॉफी ठेवली आणि बाहेर निघून गेली. वह्या टेबलावर रचल्या. मग मी सांगितलं. नेट गेलं नव्हतं, मी गप्प बसलो, पुस्तकासाठी. डचमध्ये सांगितलं. माझे उच्चार त्या दिवशी फार चांगले होते.

त्यांनी ऐकून घेतलं. टोपी सारखी केली.

"तुझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे," ते म्हणाले. "सभा रेकॉर्ड केली होती. माझ्या मुलीने दोन दिवसांनी मला दाखवली. मी तेवढा तुकडा चार वेळा पाहिला. तू हलत नव्हतास, म्हणून मला वाटलं खरंच चित्र अडकलंय. पण सेकंदकाटा फिरत होता."

म्हणजे ते शेवटच्या मॅचला येऊन बसले तेव्हा त्यांना माहीत होतं. त्याआधी आठवड्याला एकदा मी फोन करायचो, तब्येत विचारायचो, तेव्हाही माहीत होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं की हा प्रश्न मी विचारायचा नव्हता.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "मैदानावर. सरळ विचारलं होतं."

मग त्यांनी सगळ्यात वरची वही ओढली, शेवटच्या मॅचचं पान काढलं, सातव्या डावावर बोट ठेवलं आणि खोडरबर माझ्याकडे सरकवला. मी हिट खोडली. सहा नंबरचा एरर लिहिला. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप. पिचरच्या नावावरच्या दोन धावा कमी केल्या. त्यांनी चष्मा वर करून तपासलं आणि मान हलवली. चूक सुधारल्यावर हलवायचे तशीच.

मला वाटलं, झालं. मी वह्या परत पिशव्यांत भरायला लागलो. इतिहास पुरा करायचा होता, आता निदान खरा तरी.

"वह्या राहू देत," आजोबा म्हणाले.

"पण लिहायचं काम—"

"दुसरं कुणी मिळालं तर बघेन. नाही मिळालं तर नाही."

आवाज चढला नव्हता. कॉफी मात्र त्यांनी मला संपवू दिली.

रिकाम्या पिशव्या घडी करून खिशात घातल्या आणि स्टेशनवर आलो. ट्रेनमध्ये बसल्यावर इलेक्ट्रिशियनला मेसेज लिहिला. त्याचं आता नव्या क्लबमध्ये बरं चाललंय म्हणे. लिहिलं की शेवटच्या मॅचमधल्या त्या दोन धावा तुझ्या नव्हत्या, माझ्याकडून चूक झाली होती, वहीत दुरुस्ती केली आहे.

लगेच उत्तर आलं. कोणती मॅच?

मी लिहिलं, 'आपल्या मैदानावरची शेवटची.' जरा वेळ ते बघत बसलो. मग 'आपल्या' खोडून 'जुन्या' लिहिलं, आणि पाठवलं.